आकाशातील जासूदजोडी

मराठी दप्तरांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, त्यांना 'जासूदजोडी' हा शब्द नवा नाही. जुन्या पत्रांतून तो ठिकठिकाणी भेटतो. अमुक दिवशी जासूदजोडी रवाना केली, तमुक दिवशी जोडी परत आली, तिच्या तोंडची बातमी अशी. एकट्याला धाडण्यापेक्षा दोघांना धाडावे, एक वाटेत अडला तर दुसरा पुढे जाईल, एकाच्या ध्यानातून निसटले ते दुसऱ्याच्या ध्यानात राहील, हा त्यातला सरळ व्यवहार असावा. आपल्या ग्वाल्हेरीतल्या जुन्या घराण्यांतील कित्येकांच्या पूर्वजांनी शिंद्यांच्या छावणीत अशा जोड्यांची वाट पाहत रात्री काढल्या असतील. तलवार गाजवणाऱ्यांचे पोवाडे झाले. बातमी आणणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच उरली. बहिर्जी नाईकांसारखा एखादाच अपवाद.

हे सारे आठवण्याचे कारण एका अमेरिकन वैमानिकाची भाषणे. मी पेशाने गाणे शिकवणारा माणूस. महाराजपूरच्या तळावरून लढाऊ विमान उडाले की शिकवणीतला तंबोरा क्षणभर ऐकू येईनासा होतो, एवढाच माझा विमानविद्येशी संबंध. पण माझा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियात स्थायिक झाला आहे. तिकडच्या विमान-संग्रहालयांत निवृत्त वैमानिक येऊन बोलतात, ती भाषणे ऐकण्याचा त्याला नाद. त्यांतल्या एका वक्त्याची ध्वनिचित्रमुद्रणे त्याने मला पाठवली आणि सोबत एकच ओळ लिहिली : 'गुरुजी, विमानासाठी नव्हे, सांगण्यासाठी ऐका.' मी ऐकली. एकदा ऐकून भागले नाही म्हणून पुन्हा ऐकली. वाचकांपुढे ती गोष्ट ठेवावीशी वाटते ती त्यामुळेच.

वक्त्याचे नाव ब्रायन शुल. अमेरिकेच्या हवाई दलातील निवृत्त मेजर. त्यांनी चालवलेले विमान म्हणजे एसआर-७१, ज्याला लोक 'ब्लॅकबर्ड' म्हणजे काळा पक्षी म्हणत. काम टेहळणीचे.

टेहळणी करणाऱ्या वैमानिकाचा धंदा मोठा चमत्कारिक असतो. त्याच्या विमानावर तोफ नाही, बंदूक नाही, बाँब नाही. परक्याच्या मुलखावर जायचे, पाहायचे, छायाचित्रे घ्यायची आणि मागे फिरायचे. समोरून मारा झाला तर उलट मारा करायचा नाही, निसटायचे. इतरांचा पराक्रम शत्रूच्या दारात ठरतो, ह्याचा आपल्या अंगणात परत उतरल्यावर ठरतो. आणि उतरल्यावरही काम पुरे होत नाही. आणलेली बातमी कोणीतरी पाहिली पाहिजे, कोणीतरी मनावर घेतली पाहिजे. तोवर त्याचे सारे धाडस पेटीत बंदच.

एसआर-७१ हे ह्या एकाच कामासाठी घडवलेले विमान. लॉकहीड कंपनीचे कल्पक अभियंते केली जॉन्सन ह्यांच्या हाताखाली ते तयार झाले आणि २२ डिसेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेग आणि ऐंशी हजार फुटांहून अधिक उंची, हा त्याचा रोजचा शिरस्ता. तेवढ्या वेगात हवेच्या घर्षणाने त्याचा पत्रा पाकसिद्धीच्या कढईहून अधिक, सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापे. ॲल्युमिनियम तेथे टिकाव धरीना, म्हणून जवळजवळ सारे विमान टायटॅनियम ह्या धातूचे केले. गंमत अशी की तो धातू अमेरिकेला पुरेसा मिळेना, तेव्हा ज्या सोव्हिएत संघावर मात करण्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्याकडूनच तिऱ्हाइतांमार्फत तो विकत आणला गेला.

तापले की धातू फुगतो, म्हणून विमानाचे सांधे मुद्दाम सैल ठेवलेले असत. जमिनीवर उभे असताना त्या फटींतून इंधन ठिबकत राही. आकाशात तापल्यावर सांधे भरून येत आणि गळती थांबे. हे ऐकून मला हसू आले. हवेप्रमाणे चढणारी-उतरणारी वाद्ये आम्ही गाणेवाले रोजच हाताळतो. सकाळी लावलेला तंबोरा दुपारच्या उन्हात सुरात राहत नाही. पण जमिनीवर बेसूर ठेवून आकाशात सुरात आणायचे वाद्य मी प्रथमच ऐकले.

अशी बत्तीस विमाने बांधली गेली. त्यांतली बारा अपघातांत गेली. शत्रूच्या माऱ्याने एकही पडले नाही. १९९० साली त्यांना हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त केले, मग नव्वदीच्या दशकात थोडा काळ पुन्हा बोलावले आणि १९९९ साली त्यांचे उड्डाण कायमचे थांबले. आज ती संग्रहालयांत उभी आहेत. एक ओहायोतील डेटन येथे, एक कॅलिफोर्नियातील अ‍ॅटवॉटर येथे, एक इंग्लंडात डक्सफर्डला. वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे विमान तर आपल्या पायांनीच, किंवा पंखांनीच म्हणा, दाखल झाले : ६ मार्च १९९० रोजी लॉस एंजेलिसहून निघून ते ६४ मिनिटे २० सेकंदांत वॉशिंग्टनला पोहोचले, विक्रम केला आणि संग्रहालयाच्या स्वाधीन झाले. निवृत्त व्हायला इतक्या घाईने गेलेले दुसरे कोणी माझ्या ऐकिवात नाही.

अशा विमानाविषयी बोलणाऱ्या माणसाकडून श्रोता काय मागणार? वेग. किती वेगाने जात होतात हो? शुल ह्यांना हा प्रश्न जन्मभर विचारला गेला. त्यांच्या बोलण्याची खुबी ही की ते ह्या प्रश्नाचे उत्तर देता देता श्रोत्याला भलतीकडेच घेऊन जातात.

त्यांची गोष्ट वेगापासून सुरूच होत नाही. ती एका खाटेपासून सुरू होते. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरच्या काळात कंबोडियाच्या सीमेजवळ त्यांचे छोटे विमान खाली पाडले गेले. बाहेर उडी घेण्याची सोय राहिली नाही. विमान जंगलात आदळले आणि पेटले. जिवंत सापडले खरे, पण शरीर भाजून निघालेले. ओकिनावा बेटावरच्या लष्करी रुग्णालयात त्यांना ठेवले होते. तेथे जगण्याची इच्छाच उरली नव्हती, अन्न नको झाले होते, असे ते सांगत. खिडकीबाहेर मुले चेंडू खेळत होती. आपण पुन्हा तसे धावणार नाही, ह्या विचाराने जीव कासावीस होई. आणि एके दिवशी जवळच्या रेडिओवर ज्युडी गार्लंड ह्या गायिकेचे इंद्रधनुष्याविषयीचे जुने, १९३९ सालच्या चित्रपटातले गाणे लागले. ते पूर्वी शेकडो वेळा ऐकलेले. त्या दिवशी मात्र शब्द न् शब्द ऐकू आला आणि बरे व्हायचे, असे त्यांनी ठरवले.

आपण ग्वाल्हेरचे लोक तानसेनाच्या समाधीच्या सावलीत वाढलो. दीपक राग गाऊन तानसेनाच्या अंगाची आग झाली आणि मल्हाराने ती शमली, ही आख्यायिका आपल्या कानांवरून बालपणापासून गेलेली असते. गाण्याने दिवे लागतात किंवा पाऊस पडतो ह्यावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी मी नाही, आणि विद्यार्थ्यांनाही ठेवू देत नाही. शुल ह्यांची त्वचा गाण्याने बरी झाली नाही. ती पंधरा शस्त्रक्रियांनी आणि वर्षभराच्या यातनांनी बरी झाली. पण त्या शस्त्रक्रिया सोसण्याचा निश्चय गाणे ऐकता ऐकता झाला, हे त्यांचे म्हणणे मी खोटे कसे म्हणू? त्या जुन्या आख्यायिकेत एवढेच सांगायचे असेल कदाचित.

पुन्हा उडता येणार नाही असे सांगितले गेलेला हा माणूस रुग्णालयातून सुटल्यावर दोनच दिवसांत पुन्हा विमानात बसला. पुढे निरनिराळी लढाऊ विमाने चालवली आणि अंतराळवीराच्या तोडीच्या शारीरिक तपासणीतून पार पडून एसआर-७१ च्या आसनावर पोहोचला. ह्या विमानाचा एक परदेशी तळ ओकिनावा बेटावरच होता, ह्या योगायोगाचे मला राहून राहून नवल वाटते. ज्या बेटावर एकेकाळी खिडकीतून चेंडूचा खेळ बघवत नव्हता, त्याच बेटावर हा काळा पक्षी वर्षानुवर्षे चढत-उतरत होता.

आता जोडीविषयी. एसआर-७१ मध्ये दोन आसने, एकामागे एक. पुढे वैमानिक. मागे टेहळणीची यंत्रे, दिशा आणि संदेश सांभाळणारा अधिकारी. दोघेही अंतराळवीरासारख्या फुगीर पोशाखात, डोक्यावर बंद शिरस्त्राण. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढचा दिसत नाही. चार-चार तास आणि त्याहूनही अधिक वेळ त्यांनी एकमेकांना ओळखायचे ते कानातल्या आवाजावरून. शुल ह्यांचे साथीदार वॉल्टर वॉट्सन. ह्या विमानाच्या कर्मचाऱ्यांत स्थान मिळवणारे ते एकमेव कृष्णवर्णीय अमेरिकन. भाषणांत शुल त्यांना 'वॉल्ट' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना आवाजात जो फरक पडतो तो माझ्यासारख्याच्या कानांतून सुटत नाही.

त्यांची एक गोष्ट साऱ्या जगात पसरली आहे. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी माझ्या शब्दांत सांगतो.

दोघांचे शिक्षण अजून पुरे व्हायचे होते. एकत्र शंभर तास उडल्याखेरीज जोडी कामगिरीवर पाठवीत नसत. ते तास भरण्याचे शेवटचे उड्डाण. विमान दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आकाशात आले. पूर्वीच्या लढाऊ विमानांत शुल एकटे बसत, संदेशयंत्र त्यांच्याच हाती असे. येथे ते वॉल्टकडे. ही एक गोष्ट सोडून देणे त्यांना फार जड गेले होते. खालच्या हवाई नियंत्रण केंद्राशी चाललेली सगळी बोलणी ते नुसती ऐकत होते.

एका लहानशा सेसना विमानाच्या चालकाने केंद्राला विचारले : माझा जमिनीवरचा वेग किती दिसतो? केंद्राने शांतपणे सांगितले : नव्वद नॉट. त्यावर दुसऱ्या, थोड्या मोठ्या दुहेरी इंजिनाच्या विमानाने तेच विचारले. आवाजात किंचित ऐट. केंद्राचे उत्तर त्याच शांत स्वरात, सव्वाशे. मग नौदलाच्या एका एफ-१८ लढाऊ विमानाचा चालक मध्ये पडला. त्याच्या समोर स्वतःचा वेग दाखवणारे यंत्र होतेच. पण आजूबाजूच्या सगळ्यांना कळावे म्हणून त्याने विचारले. केंद्र म्हणाले : सहाशे वीस.

शुल पुढच्या आसनावर तळमळत होते. आता ह्याला उत्तर दिलेच पाहिजे. पण संदेशयंत्र वॉल्टचे. आपण मध्येच तोंड घातले तर इतके दिवस जुळवत आणलेली जोडी त्याच क्षणी मोडेल. ते दातांवर दात ठेवून गप्प बसले. आणि तेवढ्यात कानात 'टक्' असा बारीक आवाज आला. मागच्या आसनावरच्या कळीचा. वॉल्टने, अगदी अदबीने, विचारले : केंद्र, आमचा वेग जरा सांगता का? उत्तर आले : एक हजार आठशे बेचाळीस नॉट. म्हणजे ताशी सुमारे चौतीसशे किलोमीटर. त्यावर वॉल्टने आभार मानून तितक्याच शांतपणे सांगितले की आमच्या यंत्रावर एकोणीसशेच्या जवळ दिसतो आहे. त्यानंतर त्या वाहिनीवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

सभागृह येथे हसून हसून कोसळते. मीही हसलो. पण दुसऱ्यांदा ऐकताना मला हातावर ताल धरावासा वाटला. ही तर तिहाई आहे! एकच बोल तीनदा : सेसना, दुहेरी इंजिन, एफ-१८. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तेच शांत उत्तर, लय तीच, पण वजन वाढत जाणारे. आणि तिसरा पल्ला संपतो तोच सम. ती सम मुख्य गवई घेत नाही, साथीदार घेतो. शुल ह्यांनी कोणाकडे तालाची तालीम घेतली नसणार; पण वर्षानुवर्षे श्रोत्यांपुढे बसून ज्याने गोष्ट घोटली त्याला ताल आपोआप सापडतो. आपल्याकडच्या जुन्या कीर्तनकारांना असाच सापडत असे.

आणि गोष्टीचा अर्थ वेगात नाहीच. शुल स्वतः सांगतात की त्या 'टक्' आवाजाच्या क्षणी आम्ही दोघे खऱ्या अर्थाने जोडी झालो, हे मला कळले. एक बोलू शकत असून थांबला. दुसऱ्याने न सांगता ओळखले. मैफलीत गवयाला ठेका हाताने दाखवता येतो, तबल्याला दाबून टाकता येते. मोठा गवई तसे करीत नाही; तो जागा सोडतो. ती जागा तबलजीने भरली की दोघांचीही मान एकाच वेळी हलते. ते ज्याने एकदा अनुभवले तो आयुष्यभर त्याच्याच शोधात राहतो. विद्यार्थ्यांना मी हे कित्येक वर्षे सांगत आलो आहे. पुढच्या वेळी सांगताना तबल्याऐवजी विमानाचे उदाहरण देणार आहे.

त्याच जोडीला पुढे खरी परीक्षा द्यावी लागली. १५ एप्रिल १९८६ च्या पहाटे अमेरिकेने लीबियावर बाँब टाकले. त्या माऱ्याचे परिणाम टिपून आणण्यासाठी एसआर-७१ विमाने लीबियावरून गेली. त्यांत शुल आणि वॉट्सन होते. खालून क्षेपणास्त्रे सुटल्याची सूचना मागच्या आसनावरून आली आणि पुढच्या आसनावरच्याने वेग वाढवला. ठरलेली चित्रे पुरी टिपेपर्यंत वळायचे नाही, सरळ जायचे. सांगणाऱ्याचा विश्वास यंत्रावर, चालवणाऱ्याचा विश्वास सांगणाऱ्याच्या आवाजावर. त्या लढाईच्या न्याय-अन्यायाविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील, माझेही मत आहे. पण येथे मला दोन माणसांमधल्या त्या तारेविषयीच बोलायचे आहे.

शुल ह्यांची आणखी एक हकीकत मला विशेष आवडली. चांदणे नसलेल्या एका रात्री ते पॅसिफिक महासागरावरून चालले होते. समोरच्या यंत्रांच्या दिव्यांमुळे बाहेरचे काही दिसेना. त्यांनी धीर करून थोडा वेळ आतले दिवे मंद केले. आणि काचेबाहेर आकाशगंगा उजळली. एरवी जेथे काळोख दिसतो तेथेही तारेच तारे. उल्का निखळत होत्या, आणि सारे निःशब्द. मग कामाच्या यंत्रांकडे पाहणे भाग होते म्हणून दिवे पुन्हा वाढवले. जगातल्या सर्वांत वेगवान विमानात बसलेल्या माणसाला सांगावेसे वाटले ते हे, थांबून पाहिलेले. तबला थांबतो, गवई श्वास घेतो आणि मागचा तंबोरा एकाएकी ऐकू येतो, तसे काहीसे. तो तर सारा वेळ वाजतच असतो.

१९९० साली, वीस वर्षांच्या नोकरीनंतर शुल निवृत्त झाले. विमानावरचे त्यांचे पुस्तक १९९१ साली निघाले. उरलेले आयुष्य त्यांनी छायाचित्रे काढण्यात आणि बोलण्यात घालवले. छायाचित्रे विमानांची आणि पाखरा-फुलपाखरांची. दूरच्या मुलखाचे तपशील टिपणारा माणूस अखेरीस अंगणातल्या फुलपाखराजवळ गुडघे टेकून बसला. २० मे २०२३ रोजी नेवाडातील रीनो शहरी, सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या एका मेजवानीत त्यांनी आपले भाषण केले. भाषण संपल्यावर थोड्याच वेळात ते कोसळले आणि गेले. वय पंचाहत्तर. भैरवी आटोपून तंबोरा खाली ठेवावा, तसे.

हे सारे परदेशचे झाले. पण आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, आग्र्याला, आपल्याही जासूदजोड्या होत्या. भारतीय वायुदलाची १०६ क्रमांकाची तुकडी तेथून कॅनबेरा विमाने टेहळणीसाठी उडवीत असे. त्यातही दोघेच, वैमानिक आणि मार्गदर्शक. आणि टेहळणीच्या कॅनबेरावर शस्त्र नाही. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, ह्या तुकडीचे एक कॅनबेरा पाकिस्तानात रावळपिंडीजवळ पाडले गेले. सेनगुप्ता आणि रामपाल ही जोडी उडी घेऊन वाचली, पकडली गेली आणि पुढे परत आली.

ह्याच तुकडीतले जगमोहन नाथ. १९६० ते १९६२ ह्या काळात ते तिबेट आणि अक्साई चीनवरून पुन्हा पुन्हा गेले आणि चिनी सैन्याच्या जमवाजमवीची छायाचित्रे घेऊन आले. १९६५ च्या युद्धात तेच नाथ पाकिस्तानवरून दिवसाढवळ्या फिरून आले. त्यांना महावीरचक्र दोनदा मिळाले. असा दुहेरी मान मिळालेल्या सहाजणांतले ते पहिले. पण उतारवयात दिलेल्या मुलाखतींत ते पदकांविषयी फारसे बोलत नसत. त्यांचा सल वेगळा होता. आम्ही बातमी आणली होती, ती वरच्यांनी मनावर घेतली नाही, हे ते सांगत. १९६२ साली पुढे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. जासूद परत आला, बातमी पोहोचली आणि तरी ती ऐकली गेली नाही, ह्याहून कडू गोष्ट जासुदाच्या आयुष्यात दुसरी नसेल. नाथही २०२३ सालीच गेले.

कॅनबेराने आपल्याकडे पन्नास वर्षे चाकरी केली. २१ मे १९९९ रोजी, कारगिलच्या लढाईच्या प्रारंभी, पेरुमल आणि झा ह्या जोडीच्या कॅनबेराला क्षेपणास्त्र लागले. एक इंजिन निकामी झाले आणि उरलेल्या एका इंजिनावर त्यांनी विमान श्रीनगरला आणून उतरवले. ११ मे २००७ रोजी आग्र्यालाच ह्या विमानांना निरोप देण्यात आला. आता ती प्रदर्शनाची वस्तू झाली.

प्रदर्शनाची वस्तू म्हटले की मला माझ्या घरातली एक गोष्ट आठवते. माझे वडील दरबारी गवई. संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. दरबारची नोकरी जेमतेम दोन-तीन वर्षांची. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. एका संग्रहालयाचे लोक आमच्याकडचा जुना तंबोरा प्रदर्शनासाठी मागायला आले होते. त्यांनी टेपने उंची मोजली, भोपळ्याचा घेर मोजला, लाकूड कोणते ते विचारले, सारे वहीत लिहून घेतले. वडील म्हणाले, "अहो, ही मापे सुताराची झाली. ह्याची जवारी कशी लावायची ते लिहून घ्या. मी लावून दाखवतो, दहा मिनिटे बसा." त्यांना घाई होती. तंबोरा गेला. आज तो काचेमागे उभा आहे. खाली पाटीवर मापे बिनचूक आहेत आणि तारा लोंबत आहेत. पाहणाऱ्या मुलाला वाटेल, ही एक लांब दांड्याची लाकडी वस्तू.

विमानाचेही तेच. संग्रहालयातली ती काळी आकृती कितीही देखणी असली तरी गार पडलेले टायटॅनियम आहे. लांबी, रुंदी, वेग पाटीवर लिहिता येतो. मागच्या आसनावरची 'टक्' कळ पाटीवर लिहिता येत नाही; ती कोणी सांगितली तरच उरते. तिकडच्या संग्रहालयांनी हे ओळखले. विमान उभे केले आणि त्याच्या पंखाखाली म्हाताऱ्या वैमानिकाला खुर्ची दिली, माणसे जमवली, प्रश्न विचारू दिले, ते मुद्रित करून ठेवले. त्यामुळे शुल गेल्यावरही ग्वाल्हेरीत बसून मला त्यांचा आवाज ऐकता येतो. विमानापेक्षा ह्या खुर्चीचे मोल मला अधिक वाटते.

आपल्या गावात सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसांची वाण नाही. मोरारच्या गल्ल्यांतून संध्याकाळी काठी टेकत फिरायला निघणाऱ्यांत किती मेजर, किती सुभेदार, किती वायुदलातले कारागीर आहेत! लष्करातल्या जुन्या वाड्यांतून तर पिढ्यान् पिढ्या फौजेत गेलेली घराणी नांदत आहेत. त्यांच्यापैकी कोणी विमानातल्या चित्रफिती रात्रभर जागून धुतल्या असतील, कोणी तारयंत्रावर बसले असेल, कोणी बर्फात नुसती दुर्बीण धरून महिने काढले असतील. गुप्ततेची शपथ ज्या गोष्टींना बांधते त्या बांधलेल्याच राहू द्या. बाकीचे खूप असते. आपल्या शाळा आहेत, मंडळे आहेत, गणेशोत्सवाचे मांडव आहेत. दहा दिवसांतली एक संध्याकाळ अशा एखाद्या आजोबांना देता येईल. समोर पाच-पन्नास मुले बसवावी आणि कोणीतरी ते बोलणे जपून मुद्रित करावे. खर्च एका खुर्चीचा आणि चहाचा.

मात्र त्यांना आधी वेग विचारू नका, पदके किती तेही विचारू नका. तुमच्याबरोबर मागच्या आसनावर कोण होते, एवढेच विचारा. मग घड्याळाकडे पाहू नका.